मार्तंडच्या नावाची पुस्तकं

मार्तंड गेला तेव्हा कप्तान देवव्रत एका बर्फाळ ग्रहाच्या पोटात अडकून पडला होता. यानातली हवा संपत आली होती, बरोबरचे दोघे बेशुद्ध होते आणि वरचा बर्फ दाट होत चालला होता. त्याला तिथून बाहेर कसं काढायचं, हे मार्तंडने कोणालाच सांगितलं नव्हतं. बहुतेक त्याचंही अजून ठरायचं होतं.

मार्तंड पांढरीपांडे नागपुरात एका सरकारी कचेरीत कारकून होता, आणि खिशात मावतील अशा कादंबऱ्या लिहायचा. अंतराळयानं, परग्रहावरची माणसं, जमिनीखाली शेकडो वर्षं झोपलेले राजे, बोलणारे दगड. रेल्वे स्टेशनवर, एस.टी. स्टँडवर, पानठेल्यांवर त्या दोरीला टांगलेल्या असत. कॉलेजात असताना तो सीताबर्डीच्या फुटपाथवरून जुनी इंग्रजी पुस्तकं उचलून आणायचा, कव्हर फाटलेली, कोणाकोणाची नावं घातलेली, चंद्रावरच्या आणि मंगळावरच्या गोष्टींची. वाचता वाचता त्याला वाटलं, हे मराठीत का नाही? इतवारीतल्या ताराचंद नावाच्या छापखानेवाल्यालाही तसंच वाटलं. त्यातून कप्तान देवव्रत आणि त्याचं 'नीलकंठ' नावाचं यान जन्माला आलं. दर दोन-तीन महिन्यांनी एक सफर निघे.

मार्तंडचं अक्षर फार वाईट होतं. पहिल्या कादंबरीच्या वेळी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारे हैराण झाले, तेव्हापासून त्याची थोरली बहीण यमुताई सगळं सुवाच्य उतरवून द्यायची. यमुताई मुलींच्या प्राथमिक शाळेत शिकवत होत्या. लग्न झालं नव्हतं. आईवडील लवकर गेल्यावर मार्तंडला त्यांनीच वाढवलं, आणि त्याचं लग्न झाल्यावरही तिघं एकत्रच राहत होती, धरमपेठेत एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत. संध्याकाळी मार्तंडची बायको वच्छला कणीक मळत असायची आणि यमुताई खिडकीपाशी बसून देवव्रतच्या सफरी उतरवत असायच्या. त्यांनी त्या कादंबऱ्या वाचल्या असं म्हणता येणार नाही. त्यांनी त्या उतरवल्या. पण त्यामुळे त्यांना मार्तंडच्या सवयी ठाऊक झाल्या होत्या. तो वाक्यं आखूड लिहायचा. संकट आलं की 'इतक्यात' हा शब्द यायचाच. आणि प्रकरण संपताना कुठेतरी कोणीतरी काहीतरी ठोठावायचं.

त्या वर्षीचा, म्हणजे अठ्ठ्याहत्तरचा, मे महिना नेहमीसारखाच होता. मार्तंड शनिवारी कचेरीतून परस्पर सायकलने इतवारीत गेला, झालेली प्रकरणं ताराचंदच्या हातात दिली आणि भर दुपारी परत निघाला. डोक्याला ओला दुपट्टा होता, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा होता. घरी आल्यावर म्हणाला, "ताई, डोकं दुखून राहिलं गं." संध्याकाळपर्यंत ताप चढला. रात्री तो असंबद्ध बोलायला लागला. रविवारी रामदासपेठेतल्या दवाखान्यात नेलं. तिथे बर्फाच्या लाद्या आणून अंगावर फिरवत होते. यमुताई लादी पोत्यात गुंडाळून फोडायच्या आणि तुकडे नर्सच्या हातात द्यायच्या. सोमवारी तो गेला. पस्तिशीचा होता.

वच्छला खूप रडली. यमुताई रडल्या नाहीत. आल्यागेल्याला पाणी द्यायचं, कोणाला कळवायचं, वच्छलाच्या आईला रामटेकहून आणायला कोण जाणार, हे सगळं त्याच बघत होत्या. शेजारच्या इंदुताई म्हणाल्या, "यमुताई, मोकळ्या व्हा हो, असं धरून ठेवू नये." यमुताईंनी मान हलवली. त्यांनी काही धरून ठेवलं नव्हतं. आत बघावं तर काही नव्हतंच.

तेरावा झाल्यावर ताराचंद आला. पांढरा शर्ट, हातात टोपी. खुर्चीच्या कडेवर टेकला. मग म्हणाला, "ताई, मला तोंड नाही हे बोलायला. पण कव्हर छापून बसलंय. बळीरामनं बर्फाचा ग्रह काढला, अगदी फर्स्टक्लास काढला. आणि पुस्तक अर्धं."

"चार प्रकरणं राहिली आहेत," यमुताई म्हणाल्या.

"मार्तंडभाऊ काही बोलले होते का? पुढं काय होणार म्हणून?"

"नाही."

ताराचंदने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "मग राहू द्या. जाऊ द्या."

"बघते मी," यमुताई म्हणाल्या. "असतील कागद कुठे."

कागद नव्हते. मार्तंडच्या टेबलाचा खण त्यांनी कधीच आवरून ठेवला होता. पण ताराचंद निघून गेल्यावर आतून वच्छला आली आणि तिने विचारलं, "वन्सं, आहेत कागद? त्यांनी लिहून ठेवलं होतं?"

रडून रडून तिचे डोळे बारीक झाले होते. यमुताई म्हणाल्या, "असतील थोडे. बघावं लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शाळेत गेल्या. सुट्टी होती. शिपायाकडून वर्ग उघडून घेतला आणि मुलींच्या बुटक्या बाकावर गुडघे एका बाजूला वळवून बसल्या. कोरे कागद समोर ठेवले. काय लिहायचं याचा त्यांनी विचार केला नाही. मार्तंड जिथे थांबला होता त्याच्या पुढचं वाक्य लिहिलं, मग त्याच्या पुढचं. अक्षर घाईघाईचं, वेडंवाकडं येत होतं, कारण हा कच्चा खर्डा होता, आणि कच्चा खर्डा असाच असतो हे त्यांच्या हाताला माहीत होतं. घरी आल्यावर खिडकीपाशी बसून त्यांनी तो सुवाच्य उतरवला. वच्छलाला त्यात नवीन काही दिसलं नाही. वन्सं रोजच उतरवायच्या.

देवव्रतला त्यांनी फार खटपट न करता सोडवलं. त्या ग्रहावर उन्हाळा आला आणि बर्फ वितळला. एवढंच.

ताराचंदने इतवारीत उभ्या उभ्या ती प्रकरणं वाचली आणि मांडीवर थाप मारली. "वा! हे कोणाच्या डोक्यात आलं नसतं. मार्तंडभाऊंचंच डोकं."

"हो," यमुताई म्हणाल्या.

ताराचंद काही खुळा नव्हता. कागद खाली ठेवून तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "ताई, पुढचंही असंच सापडेल का?"

पुढचंही सापडलं. पुस्तकावर मार्तंडचंच नाव होतं. तो गेला हे ताराचंदने कुठे छापलं नाही, आणि वाचणाऱ्यांनी विचारलं नाही. पानठेल्यावर पुस्तक घेणारा माणूस कप्तानाचं नाव बघतो, लिहिणाऱ्याचं नाही. चित्र काढणारा बळीराम मात्र एकदा घरी आला. सिनेमाचे बोर्ड रंगवणारा माणूस, नखांत रंग साचलेला. आधी मार्तंड त्याला कागदावर यान काढून दाखवायचा.

"ताई, भाऊ मले सांगे, असं काढ, तसं काढ," तो दारातच उभा राहून म्हणाला. "आता मी कोणाले इचारू? या पुस्तकात हाये काय?"

"एक चंद्र आहे," यमुताई म्हणाल्या. "त्यावर पायऱ्या आहेत. खूप पायऱ्या. वर कोणी नाही."

"रिकामं?"

"रिकामं."

बळीरामने मान डोलावली. "रिकामं काढणं कठीण असते ताई. पण काढतो."

पायऱ्या यमुताईंनी लिहिल्या त्याचं कारण वच्छला होती. श्रावणातल्या एका रविवारी वच्छला न्हाऊन मागच्या दाराच्या पायरीवर केस वाळवत बसली होती. हातात कंगवा होता. पण ती विंचरत नव्हती. कंगवा केसांतच अडकवून ती कुठेतरी बघत राहिली, केस वाळून गेले तरी. यमुताईंनी स्वयंपाकघरातून ते पाहिलं आणि त्यांना काही वाटलं नाही. निदान वाटल्याचं त्यांना कळलं नाही. सोमवारी शाळेच्या मधल्या सुट्टीत त्यांनी लिहिलं की कप्तान देवव्रतला त्या ओसाड चंद्राच्या पायऱ्या चढताना पृथ्वीवरची एक बाई आठवली, जी पायरीवर बसून केस विंचरायचं विसरून जायची. 'ती आत्ताही तिथेच बसली असेल,' असं वाक्य लिहून त्या पुढे गेल्या. पुढे लढाई होती.

ते पुस्तक दसऱ्याच्या सुमारास आलं. तोवर वच्छलाला मार्तंडच्याच कचेरीत नोकरी मिळाली होती, त्याच्या टेबलाशेजारच्याच टेबलावर. तिथले लोक चांगले होते. पण त्यांच्यातले एक-दोघं देवव्रतचे वाचक होते. "वहिनी, नवीन सफर आली हो साहेबांची," असं कोणीतरी म्हणालं आणि तिच्यापुढे पुस्तक ठेवलं. ती संध्याकाळी घरी आली ती ते पुस्तक पदराखाली घेऊन. नवऱ्याची पुस्तकं तिने आधी कधी फारशी वाचली नव्हती. मार्तंड तिला चिडवायचा, "तुला कळायचं नाही, यात सासू-सून नाही." आता ती वाचू लागली.

एका रात्री तिने यमुताईंना विचारलं, "वन्सं, हे त्यांनी कधी लिहिलं असेल?"

"काय?"

"हे. पायरीवरच्या बाईचं."

यमुताई पांघरुणाची घडी घालत होत्या. "कोण जाणे," त्या म्हणाल्या.

"मला कधी बोलले नाहीत." वच्छलाने पुस्तक उशीखाली ठेवलं. "लिहून ठेवलं मात्र."

तेव्हा सांगता आलं असतं. यमुताईंच्या ते लक्षातही आलं. पण तोंड उघडलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी ते आणखी अवघड होऊन बसलं. पुस्तक त्यानंतर कायम उशीखाली राहिलं. वच्छला पूर्वीपेक्षा बरी जेवायला लागली, कचेरीतल्या गोष्टी सांगायला लागली. एकदा हसलीसुद्धा.

भाऊबीज आली. भाऊ नसलेल्या बाईने चंद्राला ओवाळायचं असतं, म्हणून यमुताईंनी अंगणात उभं राहून चंद्राला ओवाळलं. इंदुताई भिंतीपलीकडून बघत होत्या, त्यांच्याच डोळ्यांना पाणी आलं. यमुताई ताम्हण घेऊन आत आल्या आणि राहिलेलं प्रकरण उतरवायला बसल्या. तिसरी सफर होती. शाळेत मुलींच्या वह्या तपासताना जसा हात चालायचा, तसाच तो चालत होता. मार्तंडची आठवण येते का असं कोणी विचारलं असतं तर त्यांना तो प्रश्नच चमत्कारिक वाटला असता. रोज सकाळी शाळा भरण्याआधी तासभर लिहिताना त्या त्याच्यासारखं बोलायच्या. तो कुठे गेला आहे असं त्यांना वाटतच नव्हतं.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात ती आकाशातल्या प्रयोगशाळेची भानगड झाली. अमेरिकेची स्कायलॅब तुटून खाली पडणार होती, कुठे पडेल ते कोणालाच सांगता येत नव्हतं. नागपूर देशाच्या मधोमध, म्हणून इथेच पडणार, असं पानठेल्यावर ठरलं होतं. त्या दिवशी लोकांनी मुलांना घराबाहेर पडू दिलं नाही. इंदुताईंनी लोणच्याच्या बरण्या एक-एक करून लोखंडी पलंगाखाली सरकवल्या. "अहो, तुम्ही तरी बसा ना खाली," वच्छला त्यांना भिंतीवरून म्हणाली, तर त्या म्हणाल्या, "माझं काय मेलीचं. आंबा पुढच्या वर्षी मिळेल न मिळेल." यमुताई मागच्या दारातून ऐकत होत्या. प्रयोगशाळा कुठेतरी दूर समुद्राकडे पडली, आणि संध्याकाळी इंदुताईंनी बरण्या परत फळीवर मांडल्या.

यमुताईंनी ते लिहिलं. त्या वेळी सफर चालू होती आणि पुढे काय घालावं सुचत नव्हतं. त्यांनी एका दूरच्या चंद्रावरची माणसांची वस्ती लिहिली, तिच्यावर एक मेलेलं यान कोसळणार होतं, आणि एक म्हातारी लोणच्याच्या बरण्या पलंगाखाली सरकवत होती. ताराचंद वाचून पोट धरून हसला. पुस्तक गणपतीत बाहेर आलं.

वच्छलाने ते कचेरीतच वाचलं, जेवणाच्या सुट्टीत. बरण्यांपर्यंत आली आणि थांबली. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "वहिनी, साहेबांनी आधीच कसं ओळखलं हो? वर्षभर आधी?" वच्छला म्हणाली, "माहीत नाही." मग डोकं दुखतं असं सांगून ती घरी आली.

यमुताई शाळेतून आल्या तेव्हा ती दाराकडे तोंड करून बसली होती. पुस्तक समोर जमिनीवर होतं.

"हे तुम्ही लिहिता?"

यमुताईंनी छत्री कोपऱ्यात ठेवली. "हो."

"कधीपासून?"

"बर्फाच्या ग्रहापासून. शेवटची चार प्रकरणं."

"म्हणजे सगळी." वच्छलाने बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिलं. "म्हणजे कागद नव्हतेच."

"नव्हते."

मागच्या बाजूला बंगल्यातला माळी बादलीने पाणी घालत होता, तो आवाज येत होता.

"पायरीवरची बाई," वच्छला म्हणाली.

यमुताईंनी ओले पाय पायपुसण्याला पुसले.

"ती कोण होती वन्सं?"

"तूच."

"तुम्ही मला पाहून लिहिलं."

"हो. न्हाऊन बसली होतीस तेव्हा."

"मी रोज रात्री ते वाचायची," वच्छला म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं. "मला वाटायचं, जिवंत असताना त्यांनी कधी माझ्याकडे धड पाहिलं नाही, पण पाहिलं होतं तर. मी इतकं वाचलं की मला ते पाठ झालं. आणि ते तुम्ही. स्वयंपाकघरातून."

यमुताईंना म्हणायचं होतं की काहून रडतेस, मी खोटं लिहिलं नाही, तू खरंच तिथे बसली होतीस. पण वच्छला रडत नव्हतीच. ती उठली, आत गेली आणि उशीखालचं पुस्तक आणून तिने यमुताईंच्या हातात दिलं.

"हे तुमचं आहे."

दुसऱ्या दिवशी तीन महिन्यांच्या बिनपगारी रजेचा अर्ज पाठवून वच्छला रामटेकला आईकडे गेली. जाताना एवढंच म्हणाली, "त्यांचं नाव घालून आता काही लिहू नका. मी विधवा आहे की नाही हेच मला कळेनासं झालंय."

यमुताई त्याच आठवड्यात इतवारीत गेल्या. छापखान्यात यंत्र धडधडत होतं, त्यामुळे मोठ्याने बोलावं लागलं. "मी आता लिहिणार नाही."

ताराचंदने यंत्र बंद करायला लावलं. "झालं काय ताई?"

"काही नाही. संपलं."

"एकदम कसं संपेल? देवव्रत चालू गाडी आहे. लोक वाट पाहून राहिले."

"मग चालवा तुम्ही. मी नाही."

ताराचंद बराच वेळ बोलत होता. यमुताईंनी ऐकून घेतलं आणि बाहेर पडल्या. रस्त्यात त्यांना वाटलं, आता आपल्याला सुटल्यासारखं वाटायला हवं, किंवा वाईट तरी. तसं काही झालं नाही. सकाळचा एक तास रिकामा झाला. त्या वेळात त्या डाळ निवडायला लागल्या, जेवढी डाळ एकट्या माणसाला लागतच नाही.

वच्छलाला त्यांनी पत्र टाकलं की मी थांबवलं आहे. उत्तर आलं नाही.

दिवाळी झाल्यावर सीताबर्डीवर त्यांना बळीराम भेटला. शिडीवर चढून तो एका दुकानाची पाटी रंगवत होता. त्यांना पाहून खाली उतरला.

"ताई, तुमी सोडलं काहून?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी कायले सांगन? मले आता येगळंच सांगून राहिले ना. कप्तानाच्या कमरेले पिस्तूल काढ म्हंते, बाजूले बाई काढ म्हंते, कपडे कमी." त्याने हातातला ब्रश पुसला. "तो कामठीचा कोणी हाये म्हंते, तो लिवते आता. नाव भाऊचंच."

"निघालं पुस्तक?"

"निघालं ना. स्टँडवर लटकून राहिलं."

यमुताईंच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे की वच्छलाच्या हातात ते पडलं असेल, आणि ते आपणच लिहिलं असं तिला वाटत असेल. पुढच्या रविवारी त्यांनी एस.टी. स्टँडवर ते पुस्तक घेतलं आणि रामटेकच्या गाडीत बसल्या.

गाडीत गर्दी होती, त्रिपुरी पौर्णिमेच्या जत्रेला निघालेले लोक, बोचकी, पोरं. खिडकीजवळ जागा मिळाली. कामठी गेल्यावर त्यांनी पुस्तक उघडलं. त्यांनी देवव्रतची सफर अशी छापलेली, वाचायची म्हणून, कधी हातात घेतली नव्हती. पहिल्या पानावर कप्तान देवव्रत शिट्टी वाजवत होता. दुसऱ्या पानावर त्याने एका परग्रहावरच्या राजकन्येला डोळा मारला. वाक्यं लांबलचक होती, एकात एक अडकलेली. प्रकरण संपलं तरी कोणी काही ठोठावलं नाही. यमुताई वाचत राहिल्या. वर नाव मार्तंड पांढरीपांडे असं होतं, नेहमीच्याच तिरक्या अक्षरांत, आणि आत मार्तंड नव्हता. एका पानावर नाही, एका ओळीत नाही. त्या पानं उलटून बघायला लागल्या, पुढे कुठे तरी असेल म्हणून, शेवटपर्यंत. मनसरला गाडी थांबली तेव्हा कंडक्टरने विचारलं, "बाई, बरं नाही का?" त्या म्हणाल्या, "नाही, ठीक आहे."

वच्छलाचं माहेर गडाच्या पायथ्याशी होतं. तिची आई पार्वतीबाई दारात उभ्या होत्या. "या," त्या म्हणाल्या, आणि वच्छलाला हाक मारली. वच्छला मागच्या अंगणात नवे तांदूळ पाखडत बसली होती. उठली नाही. यमुताई तिच्यापुढे जमिनीवर बसल्या आणि पुस्तक सुपाच्या कडेला ठेवलं.

"हे मी लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या.

वच्छलाने हात पदराला पुसले. पुस्तक उघडलं. दोन-तीन पानं वाचली, मग मधलं एक पान. कपाळाला आठी पडली.

"हे कोण?"

"कामठीचा कोणी आहे. मी त्याला ओळखत नाही."

"यात ते नाहीत," वच्छला म्हणाली.

"नाहीत."

"तुमच्या लिहिण्यात होते. थोडे थोडे." तिने पुस्तक मिटलं. "म्हणूनच तर मला कळलं नाही."

यमुताई काहीतरी बोलायला गेल्या. काय बोलणार आहोत हे त्यांना माहीत नव्हतं. तोंडातून आलं ते असं: "मार्तंड गेला, वच्छला."

एखादी बातमी आत्ताच कळली आणि ती सांगायला आलो, तसं त्यांनी ते सांगितलं. वच्छला त्यांच्याकडे बघत राहिली.

"दीड वर्ष झालं वन्सं."

"हो," यमुताई म्हणाल्या. "हो ना."

त्यांनी पाणी मागितलं. पार्वतीबाईंनी तांब्या-भांडं आणलं. यमुताईंनी भांडं तोंडाला लावलं. पाणी पदरावर सांडायला लागलं, आणि खांदे हलायला लागले. रडणं असं ते नव्हतं, आवाजही नव्हता. वच्छलाने त्यांच्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि आईला म्हणाली, "यांना आत निजव."

त्या दुपारभर झोपल्या. आतल्या खोलीत अंधार होता आणि नव्या तांदळाचा वास होता. बाहेर जत्रेची माणसं गडाकडे जात होती. जाग आली तेव्हा दिवे लागले होते. पार्वतीबाईंनी पानं वाढली. यमुताईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "वांग्यात मीठ फार झालंय."

म्हटल्यावर त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. पार्वतीबाई गोंधळल्या. वच्छला म्हणाली, "झालंय खरं. मीच केलंय." आणि तिने यमुताईंच्या पानात दही वाढलं.

वच्छला लगेच परत आली नाही. रजा संपायच्या आदल्या दिवशी आली. आल्यावर पहिले काही दिवस दोघी गरजेपुरत्याच बोलत होत्या, दूध आलं का, गॅसवाला येऊन गेला का. एकदा भाकरी थापता थापता तिने विचारलं, "ती पायरीवरची बाई. तिचं पुढे काय करणार होता तुम्ही?"

"काही नाही. तेवढीच होती ती."

"बरं केलंत," वच्छला म्हणाली.

तिने पुढे खात्याची परीक्षा दिली आणि तिची भंडाऱ्याला बदली झाली. सुट्टीला ती रामटेकला जायची आणि तिथून एक दिवस धरमपेठेत यायची. यमुताई निवृत्त होईपर्यंत शाळेत शिकवत राहिल्या. रडू त्यांना पुढे कधीकधी येऊ लागलं, तेही अवेळी, रिक्षात किंवा शाळेच्या प्रार्थनेला. त्या थांबून डोळे पुसायच्या आणि पुढे जायच्या. कप्तान देवव्रत आणखी काही वर्षं कमरेला पिस्तूल लावून फिरत होता. मग घरोघर टी.व्ही. आले, पानठेलेवाल्यांनी पुस्तकं टांगायचं सोडलं, आणि ताराचंद लग्नपत्रिका छापू लागला.